कारकुनाच्या आहाराची वही

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न फोडताच कुठल्यातरी नकाशाच्या गुंडाळीखाली सरकवून दिलं असतंस, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला. फसवणूक आहे, कबूल. पण आता फोडलंच आहेस तर ओळीने वाच. लहानपणी तू गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायचीस आणि मग ते मला सांगून माझाही विचका करायचीस, तसं आज करू नकोस. कारकून आजारी आहे आणि नाना आजारी आहेत. हे दोन आजार एकमेकांत असे गुंतले आहेत की एक सोडून दुसरा सांगता येत नाही. नानांचं जास्त गंभीर आहे. तरी सुरुवात पोपटापासून करतो, कारण मलाही ते त्याच क्रमाने कळलं. म्हणजे नेहमीसारखं उशिरा.

तू त्याला कारकून म्हणायला लागलीस तेव्हा नाव किती चपखल होतं. राखी कोट, मागे लाल शाई सांडल्यासारखी शेपटी, आणि दिवसभर कुणालाच न कळणारं पुटपुटणं. आता तो कोट राहिलेला नाही. मानेच्या वर सगळं जसंच्या तसं आहे, कारण तिथे स्वतःची चोच पोचत नाही. मानेखाली छाती उघडी, गुलाबी, बारीक पुळ्यापुळ्यांची, पंखांखाली खरवडल्यासारखं, पोटावर थोडा पांढरा कापूस. लांबून पाहिलं तर नोकरीवरून काढून टाकलेला, कपडेही काढून घेतलेला, पण टोपी काही केल्या न उतरवणारा माणूस वाटतो. हे वाक्य मी चार महिन्यांपूर्वी साप्ताहिकात छापलं होतं, आणि वाचकांची पत्रं आली होती की हसून हसून पुरेवाट झाली. तू ते साप्ताहिक आता घेत नाहीस, हे मला माहीत आहे. बरं करतेस.

सुरुवात एका पिसापासून झाली. सकाळी पिंजऱ्याखाली एक, दुसऱ्या दिवशी तीन. नाना ती उचलून, फुंकर मारून एका पाकिटात ठेवायचे. मी म्हणालो, पिसं झडण्याचा हंगाम असेल. नाना म्हणाले, झडलेलं आणि उपटलेलं यात फरक असतो, देठ बघ. मी देठ बघितला नाही. मी कारण शोधून ठेवलं होतं: तू. म्हटलं, ज्या बाईने पाळला ती त्याला आमच्या गळ्यात मारून डोंगरदऱ्या मोजायला निघून गेली, आता हा विरहाने स्वतःला सोलतोय. चार ठिकाणी हे बोलूनही झालं. तुला जाऊन तेव्हा सोळा महिने झाले होते आणि त्यातले सोळाही महिने हा पठ्ठ्या खुशाल होता, हा हिशेब मला सुचला नाही. ज्याच्यावर राग आहे त्याच्यावर दोष टाकला की डोक्याला काम राहत नाही.

मग सल्लागार आले. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, तेल चोळा. नशीब, कारकुनाने त्याच्या अंगठ्याचा तुकडा काढून तो उपाय जागीच बंद पाडला. पुढे कळलं की पक्ष्याला तेल लावणं म्हणजे त्याची उरलीसुरली पिसंही घालवणं. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, एकटा आहे बिचारा, लग्न करून द्या. तुझी वहिनी म्हणाली, अहो बाई, पिसं लग्नानंतरच जातात. ती अजून तशीच आहे. दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवते आणि घरी आल्यावर आमच्या पायाखालचा ब्रेक स्वतः दाबते. शेवटी तिनेच पक्ष्यांची डॉक्टरीण शोधून काढली आणि मला, नानांना आणि पिंजऱ्याला शिकाऊ गाडीत बसवून तिच्या दारात सोडलं. गाडीवर मोठ्या अक्षरात ‘शिकाऊ’ लिहिलेलं होतं. ते आम्हा तिघांनाही लागू होतं.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची आहे आणि तुझ्यासारखीच माणसाकडे न बघता बोलते. पक्षी हातात घेऊन, पंख उलगडून बघत तिने विचारलं, काय खातो? नाना म्हणाले, सूर्यफुलाच्या बिया. आणखी? बिस्किट. कोरडं? नाही, चहात बुडवून. आणखी? नाना छताकडे बघायला लागले. चौतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासणारा माणूस, समोरचा छताकडे बघायला लागला की मापात खोट आहे हे ओळखणारा, तो स्वतः छताकडे बघत होता. मला मजा वाटली. बाई म्हणाली, चारशे दहा ग्रॅमचा पक्षी पाचशे तीसवर गेलाय. ह्याला खायला भरपूर मिळतंय, पण पोषण मिळत नाहीये. नुसत्या बियांनी चरबी वाढते, यकृत थकतं, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं, कातडी कोरडी पडून खाज सुटते आणि चोच तिथे जाते. रक्त तपासलं, तर यकृत खरंच थकलेलं होतं.

तिने मोठी यादी दिली. पक्ष्यांच्या तयार दाण्यांवर हळूहळू आणायचं, एकदम बदल केला तर रुसून उपाशी बसेल. रोज हिरवा पाला, गाजर, लाल भोपळा वाफवून, लाल ढोबळी मिरची, मोड आलेली कडधान्यं. फळ बेताचं. मीठ, साखर, तळलेलं, चहा, चॉकलेट पूर्ण बंद. आपल्या ताटातलं काहीही नाही. ‘काहीही’वर तिने दोनदा रेघ मारली. एक दिवसाआड कोमट पाण्याचा फवारा. संध्याकाळी पिंजऱ्यावर पांघरूण, बारा तास अंधार. फाडायला कागद, लाकूड, दोरी. उपटताना दिसला तर ओरडायचं नाही, धावायचं नाही, नाहीतर त्याला वाटेल उपटलं की माणसं येतात. आणि रोज सकाळी, खाण्याआधी, वजन. तीन आठवडे काय दिलं, काय खाल्लं, कधी उपटलं, ते सगळं वहीत लिहून आणायचं. वही म्हटल्यावर नानांचा चेहरा असा उजळला की बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, हे पूर्वी काय करायचे?

तुला ते डोळ्यांसमोर दिसेल. दुसऱ्या दिवशी पितळी काटा पेटीतून बाहेर आला, पुसला गेला, त्याच्या एका पारड्यात काठी बांधून कारकुनाची बैठक झाली, तिचं वजन आधी वजा केलं गेलं. वहीत पट्टीने रेघा: दिलं, खाल्लं, उरलं, शेरा. प्रत्येक दिवसाखाली सही. मी म्हणालो, नाना, पोपट कुठे कोर्टात जाणार आहे? ते म्हणाले, कोर्टात कोण जाईल ते आपण ठरवत नाही. मी हेही वाक्य टिपून घेतलं. मी त्यांची वाक्यं टिपतच होतो, ठमे. घरात एक म्हातारा बाप, एक नागडा पोपट आणि एक पितळी काटा असल्यावर सदर लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे? लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, काय म्हणतोय तुमचा कारकून? नानांना कुणी विचारत नव्हतं, कारण नाना तर दिसतच होते, माझ्या लेखात, दर शनिवारी.

घरातली पथ्यं मीच सांभाळली, याचं श्रेय मात्र मला दे. गाजर किसून दिलं, त्याने ते माझ्या चष्म्यावर उडवलं. पाला पिंजऱ्याच्या गजांत ओला करून अडकवला, तो त्याला आवडला, पण फक्त आंघोळीसाठी. लाल मिरचीला मात्र तो भुलला. आतल्या बिया एकेक करून काढतो आणि साल तुझ्या वहिनीच्या चपलेत टाकतो. फाडायला मी माझं साप्ताहिक दिलं. तो नेमकं माझंच पान आधी फाडतो, संपादकाला सांगितलं तर तो म्हणाला, जाणकार दिसतो. आठवड्याभरात वजन उतरायला लागलं, पण फार सावकाश. आणि उपटणं थांबेना. छातीवर नवी पिसं सुईसारखी वर यायची आणि चौथ्या दिवशी रक्ताचा ठिपका ठेवून गायब व्हायची.

याच दिवसांत मी नानांच्या पट्ट्यावर लेख लिहिला. नाना बारीक होत होते. मी लोकांना कौतुकाने सांगायचो की सकाळी चालायला जातात, रात्रीचं जेवण सोडलंय, नुसतं दूध घेतात, या वयात केवढा ताबा. पट्टा सैल झाला तर नवीन आणण्याऐवजी त्यांनी टोचा घेऊन भोकं पाडली, आणि ती अशी समान अंतरावर की कारखान्यातही पडणार नाहीत. मी त्यावर आठशे शब्द लिहिले. पाच भोकं होती, ठमे. मी मोजली होती, विनोदासाठी.

तीन आठवड्यांनी दुसरी खेप. नाना म्हणाले, मी थकलोय, तूच जा, वही ने. मी वही न उघडता नेली. माझ्याच घरात लिहिली जाणारी वही, आणि मी, जो शेजाऱ्यांच्या दारावरच्या चिठ्ठ्याही थांबून वाचतो, त्याने ती उघडली नाही, कारण आकडे मला कंटाळवाणे वाटतात. डॉक्टरीणबाईने उघडली आणि आधी हसली. म्हणाली, माझे विद्यार्थीही इतकं नेटकं लिहीत नाहीत. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. मग मागच्या पानावर गेलं, मग पुढच्या. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुमच्या पोपटाला दुपारी एकशे ऐंशी ग्रॅम भात कोण वाढतं?

मी म्हणालो, आमच्याकडे पाहुणचार जरा जास्तच असतो. ती हसली नाही. वही माझ्याकडे फिरवली. सोमवार, दुपार. दिलं: भात एकशे ऐंशी ग्रॅम, बटाटा नव्वद, अंडं एक, पाव अर्धा. खाल्लं: सव्वीस ग्रॅम. उरलं: बाकी सर्व, खिडकीबाहेर, कावळे व इतर. शेरा: पक्ष्याला ताटातलं देऊ नये अशी सूचना आहे. तरी दिलं. खाली सही. मंगळवार, तेच. बुधवार, तेच. एकवीस दिवस. एकाही दिवशी ती ओळ चुकवलेली नव्हती, ‘तरी दिलं’ हे दोन शब्दही. बाई म्हणाली, हे माणसाचं ताट आहे. मग माणूस काय जेवतो?

नानांना तोंडी कुणी विचारलं असतं तर त्यांनी थाप मारली असती. आठ महिने ती मारतच होते. पण कुणीतरी त्यांच्यासमोर वही ठेवली, तिला रकाने होते, आणि रकान्यात चुकीचं वजन लिहिणं त्या माणसाला उभ्या जन्मात जमलेलं नाही. ताट त्यांनी सगळ्यांपासून लपवलं. वहीपासून लपवू शकले नाहीत. पोपटाचं नुकसान होतंय हेही त्यांना दिसत होतं, तेही त्यांनी स्वतःच्या विरुद्ध रोज लिहून ठेवलं. आणि मग रोज वाट बघितली असणार, की कुणीतरी वाचेल. किंवा वाचणार नाही. यातलं त्यांना काय हवं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाईने आणखी एक गोष्ट दाखवली. उपटण्याच्या नोंदी जवळजवळ सगळ्या दुपारी एक ते दोनच्या मधल्या होत्या. ती म्हणाली, खाणं सुधारेल, कातडी सुधारेल, पण हा पक्षी रोज त्या वेळेला कशाला तरी घाबरतोय. त्या खोलीत दुपारी काय होतं? हे मला सांगता आलं असतं, कारण मी भिंतीच्या पलीकडेच असतो. नऊ ते दोन मी लिहितो, आणि त्या वेळात घराला आग लागली तरी मला हाक मारायची नाही, हा नियम माझाच. वहिनी आठला झाकलेलं ताट ठेवून जाते, नाना एक वाजता ते त्यांच्या खोलीत नेतात, दोन वाजता घासूनपुसून ओट्यावर. भिंतीतून खोकल्याचा आवाज यायचा, ठसक्याचा, उलटी दाबल्यासारखा. मी समजत होतो कारकून नकला करतोय. आणि तो करतही होता, दिवसभर, हुबेहूब. त्यावरही एक लेख आहे, ‘खोकणारा पोपट’. नक्कल आहे म्हणजे अस्सल कुठेतरी असेल, एवढं साधं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक वाजता लिहिणं टाकून नानांच्या खोलीत गेलो आणि खुर्ची ओढून बसलो. नाना म्हणाले, काय, विषय संपले? मी म्हणालो, तुम्ही जेवा. त्यांनी ताटावरचं झाकण काढलं आणि घास घेतला. तो त्यांनी किती वेळ चावला, मला वाटलं ते विसरले. मग घोटभर पाणी. मग मान पुढे काढून, डोळे मिटून, गिळलं. ते खाली गेलं नाही. टेबलाची कड धरून ते खोकायला लागले, चेहरा जांभळा, आणि पिंजऱ्यात कारकून दांडीच्या टोकाला सरकला, मान छातीत खुपसली आणि एक पीस उपटलं. मग दुसरं. डॉक्टरीण म्हणाली होती धावायचं नाही. मी दोघांपैकी कुणाकडेच धावलो नाही. खोकला थांबल्यावर नानांनी रुमालाने तोंड पुसलं, पाणी प्यायले, आणि वही ओढून शेऱ्यात लिहायला लागले. वेळ लिहिली. पिसं दोन.

मी विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, आधी पाव अडकायचा, मग भात. दूध जातं, चहा जातो. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? ठमे, ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी साधेपणाने म्हणाले, तू लिहिलं असतंस. मी म्हणालो, असं कसं लिहीन? तर म्हणाले, अरे, लिहिलंस की. पट्ट्याचं लिहिलंस, खोकल्याचं लिहिलंस. फक्त काय झालंय तेवढं तुला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक झालं असतं तर लेख आणखी चांगला झाला असता. यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माझे लेख आवडतात. ते कापून ठेवतात. म्हणून मला त्या दिवसापासून एक ओळ लिहिता आलेली नाही. संपादकाला कळवलंय की हात दुखतो.

तपासण्या झाल्या. तुला रविवारच्या फोनवर ते सांगत असतील की मजेत आहे, मळ्यातल्या मुळ्यासारखा ताजा आहे. ते सकाळी दहाला फोन घेतात कारण तेव्हा नुसता चहा झालेला असतो आणि आवाज मोकळा असतो. खरं हे आहे: अन्ननलिकेत गाठ आहे. गाठ वाईट आहे, पण अजून कुठे पसरलेली नाही, ऑपरेशन होऊ शकतं. मात्र अडुसष्ट किलोचा माणूस एक्कावन्नवर आलाय, आणि सर्जन म्हणतो, या अंगावर मी सुरी धरणार नाही. आधी पोटात थेट ट्यूब बसवायची, तिच्यातून तीन आठवडे पातळ अन्न, वजन थोडं वर आलं की पुढचं. रोजचं रोज वजन करा, काय दिलं ते लिहून ठेवा, असं तोही म्हणाला. नाना त्याला म्हणाले, पद्धत मला माहीत आहे, आमच्याकडे एक पेशंट आधीपासून आहे. ट्यूबसाठी मंगळवारची खाट राखून ठेवली आहे. ती गेली तर पुढची तीन आठवड्यांनी, आणि सर्जनने मला दाराबाहेर नेऊन सांगितलं की तीन आठवडे त्यांच्याकडे नाहीत.

कारकुनाचं बरं आहे, तेवढं तुला आधी सांगून टाकतो. त्याचा पिंजरा दुपारी आता माझ्या टेबलाशेजारी असतो. भात बंद, बिस्किट बंद. काल सकाळी चारशे पंचावन्न ग्रॅम. गेल्या अकरा दिवसांत त्याने एकच पीस काढलं आणि तेही वहिनी माझ्यावर ओरडत होती तेव्हा, त्यामुळे ते मी धरत नाही. छातीवर राखी लव दिसतेय. बाई म्हणाली, काही जागी मुळंच दुखावली आहेत, तिथे पुन्हा कधी येणार नाहीत. बाकीच्या ठिकाणी येतील, पण वर्ष लागेल. तो अजून खोकतो. नाना गेल्या आठवड्यापासून घन काही खातच नाहीत, त्यामुळे घरात खोकला आता फक्त त्याचाच आहे.

आता हे पत्र का लिहितोय ते. नाना मंगळवारच्या कागदावर सही करत नाहीयेत. मी विनवण्या केल्या, वहिनीने आवाज चढवला, सर्जनने आकडे सांगितले. त्यांनी कागद घडी करून वहीत ठेवला आणि मला म्हणाले, तुम्ही दोघं बोलत नाही तोवर मी बेशुद्ध व्हायला तयार नाही. आधी ठमीला लिही. माफी माग. पत्र मिळालं असा तिचा फोन आला की सही. म्हणून मी लिहिलं. ते पत्र नानांनी वाचलं आणि म्हणाले, छान झालंय, छापून टाक. मी दुसरं लिहिलं, त्यात तुझ्यावरचे चारही लेख कसे निव्वळ गमतीने लिहिले होते ते सांगितलं. तू नवऱ्याला सोडून तीन बॅगा आणि एक पोपट घेऊन आमच्याकडे राहिलीस त्या पाच महिन्यांचं मी ‘परत आलेलं पार्सल’ केलं, तुझ्या ऑफिसात ते फळ्यावर लागलं, ते मला माहीत नव्हतं, वगैरे. ते वाचून म्हणाले, यात तिची चूक बरीच दिसते. तिसरं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, नळाचं कुठे आहे? हे चौथं. हे ते वाचणार नाहीत, म्हणाले, ज्याचं माप त्यानेच तपासावं. तर नळाचं. तिसऱ्या लेखात मी लिहिलं होतं की पाहुणी आल्यापासून घरात पाण्याचा वापर दुप्पट झालाय, बाथरूमचा नळ तासतास वाहतो, स्वच्छतेची एवढी आवड आमच्या खानदानात कुणाला नव्हती. लोक त्या वाक्याला सर्वांत जास्त हसले. ठमे, नळ का वाहायचा ते मला माहीत होतं. मी बंद दाराबाहेर उभा होतो, पाण्याच्या आवाजातूनही तुझं रडणं ऐकू येत होतं. दार वाजवायला हात वर केला होता. तेवढ्यात ते वाक्य सुचलं, आणि विसरायच्या आत लिहून ठेवावं म्हणून मी टेबलाकडे गेलो. हे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही. नानांना कसं कळलं विचारू नकोस, ते त्या वेळी बोळात माझ्या मागे उभे असणार. मी चुकलो. यापुढे वाक्य न जोडण्याचा मी प्रयत्न करतोय. मला माफ केलंस असं केवळ त्यांच्या सहीसाठी सांगू नकोस. खोटं वजन ते फोनवरही ओळखतील, आणि तुझ्यावर मी तीही सक्ती करू शकत नाही. माझ्याशी बोलावंसं नाही वाटलं तर नको बोलूस. त्यांना फोन कर, सकाळी दहाच्या सुमाराला, मंगळवारच्या आत, आणि एवढंच सांग की दादाचं पत्र आलं, आणि नळाचं त्यात आहे.

तुझाच,
दादा